कल्याणची रेडिओ-दुर्बीण आणि मंद ताऱ्यांचे चुंबकत्व

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत डहाणू व तलासरी हे तालुके ज्या विस्तीर्ण ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकास होते, त्या जिल्ह्याचा इतिहास सांगताना वसईचा किल्ला, चिमाजीअप्पांची मोहीम, १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास आलेली पहिली आगगाडी आणि तलासरीनजीकच्या झरी गावी २३ मे १९४५ रोजी भरलेल्या मेळाव्यानंतर पेटत गेलेला वारल्यांचा उठाव यांना मानाचे स्थान मिळते, आणि ते मिळालेच पाहिजे. परंतु याच जिल्ह्याच्या दक्षिण भागात, कल्याणजवळ, १९६५ साली बत्तीस लहान अँटेनांची जी एक रेडिओ-दुर्बीण चालू झाली, तिचे नाव या यादीत सहसा येत नाही. ती दुर्बीण थोडीच वर्षे चालली, तिने पाहिला तो एकटा सूर्य, आणि तिचे काम आटोपल्यावर तिच्या जागी कोणी शिलालेख बसविला नाही. तरीही, ज्यांना डोळा कधीच पाहू शकणार नाही अशा अतिलघू ताऱ्यांभोवतीची चुंबकीय क्षेत्रे आज महाराष्ट्राच्या भूमीवरून जोखली जातात, त्या विद्येचा या मुलखातील आरंभ त्या बत्तीस अँटेनांपासून होतो, असे माझे मत आहे; आणि ते मत कशावर उभे आहे, हे येथे सविस्तर सांगावयाचे आहे.

पौष-माघातील संध्याकाळी डहाणूच्या किनाऱ्यावर उभे राहून नैर्ऋत्येकडे पाहिले, तर समुद्रावर तिमिंगल नावाचा तारकासमूह उतरताना दिसतो. त्याच्या मंद ताऱ्यांमध्ये यूव्ही सेटी हा तारा आहे. परंतु तो दिसत मात्र नाही. आपल्यापासून अवघ्या पावणेनऊ प्रकाशवर्षांवर, म्हणजे खगोलाच्या हिशेबाने अंगणात असूनही, सूर्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढे वस्तुमान आणि त्याहूनही कितीतरी कमी तेज असल्यामुळे तो साध्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेर राहतो. लाल बटू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वर्गातील एकही तारा नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, आणि आपल्या आकाशगंगेतील बहुसंख्य तारे तर याच वर्गाचे आहेत. म्हणजे रात्रीचे आकाश म्हणून आपण ज्याचे वर्णन करीत आलो, ते खऱ्या लोकवस्तीतील मूठभर धनिकांचे आकाश आहे. सामान्य प्रजा त्यात मोजलीच गेलेली नाही.

या प्रजेची दखल घेण्यास प्रकाशाहून निराळे साधन हवे होते, आणि ते माणसाच्या हाती आले ते युद्धाच्या धामधुमीत. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटनमधील लष्करी रडारवर विलक्षण गोंगाट उमटू लागला, तेव्हा शत्रूने आपली यंत्रणा बुजविण्याची युक्ती काढली असावी असा संशय आला; परंतु जे. एस. हे नावाच्या शास्त्रज्ञाने तपास केला आणि तो गोंगाट सूर्याकडून, त्यावरील एका मोठ्या डागाच्या प्रदेशाकडून येत असल्याचे दाखविले. सूर्याचे डाग ही प्रबळ चुंबकीय क्षेत्राची स्थाने आहेत, ही गोष्ट जॉर्ज हेल याने १९०८ सालीच सिद्ध केलेली होती. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की पुढील अर्धशतकाच्या संशोधनाचे सूत्र हाती येते: जेथे चुंबकीय क्षेत्र आणि त्यात अडकलेले वेगवान इलेक्ट्रॉन आहेत तेथून रेडिओ-लहरी निघतात, आणि त्या लहरी नीट वाचता आल्या तर दूरस्थ ज्योतीचे चुंबकत्व घरबसल्या मोजता येते.

युद्ध संपल्यावर रडारची विद्या शिकलेली अनेक बुद्धिमान माणसे या नव्या शास्त्राकडे वळली. ऑस्ट्रेलियात सिडनी शहराजवळ पॉट्स हिल येथे एका जलाशयाच्या काठावर डब्ल्यू. एन. ख्रिश्चनसेन यांनी सुमारे सहा फूट व्यासाच्या बत्तीस तबकड्या एका ओळीत मांडल्या आणि त्या सर्वांचे संकेत एकत्र करून सूर्यबिंबाचे रेडिओ-चित्र घेण्याची पद्धत बसविली. १९५३ साली कोलंबो योजनेच्या शिष्यवृत्तीवर गोविंद स्वरूप हा चोवीस वर्षांचा भारतीय तरुण तेथे पोचला. उत्तर प्रदेशातील ठाकुरद्वारा येथे जन्मलेल्या आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत नोकरीस असलेल्या या तरुणाने आर. पार्थसारथी या सहकाऱ्याबरोबर त्या तबकड्यांवर काम केले. पुढे पॉट्स हिलची ती ओळ कालबाह्य ठरून मोडीत निघणार, असे दिसू लागताच त्याने वरिष्ठांकडे मागणी केली, की या तबकड्या भंगारात घालण्यापेक्षा भारताला द्याव्यात. ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी औदार्याने होकार दिला; परंतु त्या आणावयाच्या कशा आणि वाहतुकीचा खर्च कोणी सोसावयाचा, या प्रश्नापाशी प्रकरण दप्तरात अडकले. वाट पाहण्यात काळ घालविण्याऐवजी स्वरूप १९५६ साली अमेरिकेस गेले, आणि तबकड्या अखेर दिल्लीस पोचल्या तेव्हा त्यांना हात लावणारा माणूस देशात नव्हता. कित्येक वर्षे त्या तशाच पडून राहिल्या.

१९६१ साली अमेरिकेत व अन्यत्र काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ-खगोलज्ञांनी, म्हणजे स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन यांनी, मायदेशी परतून एक गट उभारण्याची इच्छा दर्शविणारे निवेदन भारतातील प्रमुख वैज्ञानिकांकडे धाडले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे प्रमुख डॉ. होमी भाभा यांनी त्या निवेदनाची दखल ज्या तत्परतेने घेतली, ती सरकारी कारभाराचा अनुभव असलेल्या कोणालाही आश्चर्यचकित करील. समित्या, अभिप्राय, फेरअभिप्राय यांच्या चक्रात न पडता, असा गट स्थापण्याचे ठरल्याची तार त्यांनी जानेवारी १९६२ मध्ये केली. चौघांपैकी स्वरूप तेवढे लगेच परतले आणि १९६३ साली कुलाब्याच्या त्या संस्थेत रुजू झाले.

कुलाब्याचे नाव निघाले म्हणून एक जुनी हकिकत येथे सांगणे अवश्य आहे, कारण ती या विषयाच्या मुळाशी जाते. त्याच कुलाब्यात १८४१ पासून एक वेधशाळा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद ठेवीत होती, आणि १ व २ सप्टेंबर १८५९ या दोन दिवशी जे महाभयंकर सौर-चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले, त्याची जगातील जी मोजकी विश्वसनीय मोजमापे उपलब्ध आहेत, त्यांत कुलाब्याच्या नोंदीला अग्रस्थान दिले जाते. एका ताऱ्याचे चुंबकत्व मराठी मुलखातील दप्तरात असे शंभर वर्षे आधीच येऊन दाखल झाले होते. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम धावणार हे नक्की झाले. त्यांच्या प्रवाहाने नाजूक चुंबकसुया थरथरतील हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ते काम समुद्रापलीकडे अलिबागेस हलविले, आणि १९०४ पासून तेथील वेधशाळा चालू झाली. शहराच्या सोयीला नकार न देता विज्ञानाला लागणारी शांतता शोधून काढावी व जपावी, ही वहिवाट आपल्याकडे इतकी जुनी आहे.

स्वरूपांनी दिल्लीत पडून असलेल्या तबकड्या मागवून घेतल्या आणि मुंबईच्या विद्युत-कोलाहलापासून काही अंतरावर, कल्याणजवळ, त्या उभ्या केल्या. चोवीस तबकड्या पूर्व-पश्चिम अशा ६३० मीटर लांबीच्या रेषेवर आणि उरलेल्या आठ दक्षिणोत्तर २५६ मीटरच्या रेषेवर अशी त्यांची मांडणी होती. एवढ्या लहान तबकडीची एकटीची दृष्टी अत्यंत अंधुक. परंतु ठरावीक अंतरांवर उभ्या असलेल्या अनेक तबकड्यांनी एकाच क्षणी पकडलेल्या लहरी तारांवाटे एकत्र आणल्या, त्यांची तरंगशिखरे एकमेकांशी जुळवली, की त्या सगळ्या मिळून रेषेच्या लांबीएवढ्या महाकाय दुर्बिणीसारखा बारकावा दाखवू लागतात. ही जुळणी साधणे हेच सारे कौशल्य. तारेची लांबी थोडी इकडची तिकडे झाली, उन्हाने ती प्रसरण पावली, तरी हिशेब बिघडतो. एन. व्ही. जी. शर्मा व एम. एन. जोशी यांच्यासारखे अनुभवी आणि विजय कपाही व जे. डी. इसलूर यांच्यासारखे अणुशक्ती खात्याच्या प्रशिक्षण शाळेतून नुकतेच बाहेर पडलेले तरुण या कामाला जुंपले गेले. बहुतेकांनी यापूर्वी रेडिओ-दुर्बीण पाहिलीही नव्हती. ती स्वतःच्या हातांनी जोडत जोडतच ते शास्त्र शिकले.

कल्याणच्या यंत्रासाठी निवडलेली कंप्रता होती ६१० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६१ कोटी आंदोलने. तरंगलांबी सुमारे ४९ सेंटिमीटर. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. एप्रिल १९६५ पासून त्या कंप्रतेवर सूर्याची नियमित निरीक्षणे सुरू झाली, आणि त्यांतून असे दिसून आले, की डोळ्यांना जे सूर्यबिंब कडेला काळवंडलेले दिसते, तेच या लहरींत कडेला अधिक उजळलेले असते. कारण या लहरी सूर्याच्या पृष्ठभागाच्या वरच्या अतितप्त आवरणातून, त्याच्या किरीटातून येतात. त्या किरीटाचे तापमान सुमारे दहा लक्ष अंश असल्याचे कल्याणच्या मोजमापांनी सांगितले. पृष्ठभाग सहा हजार अंशांच्या आत आणि त्यावरचे विरळ आवरण दहा लक्ष अंशांचे, हा चमत्कार सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राशिवाय उलगडत नाही. पालघरच्या आजच्या वाचकाने अभिमान बाळगावा अशी गोष्ट ही, की आपल्या जुन्या जिल्ह्याच्या हद्दीत, परक्या देशाने टाकून दिलेल्या सामग्रीवर, पंचविशीच्या आतबाहेरच्या पोरांनी एका ताऱ्याचा किरीट मोजला.

कल्याण ही त्या गटाची पाठशाळा होती. तेथे तो फार काळ रमला नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी भाभा विमान-अपघातात गेले, परंतु त्यांनी दिलेली मंजुरी मागे राहिली, आणि निलगिरीच्या उतारावर उदकमंडलम येथे ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी प्रचंड दुर्बीण १९७० मध्ये उभी राहिली. डोंगराचा उतार तेथील अक्षांशाइतकाच, सुमारे अकरा अंशांचा, असल्यामुळे दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला. भूगोलाकडून इतके चोख काम करून घेतल्याची उदाहरणे थोडी सापडतील. त्या दुर्बिणीचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

इकडे जगात मंद ताऱ्यांचा शोध निराळ्या वाटेने चालला होता. यूव्ही सेटीसारखे लाल बटू मधूनच काही मिनिटांपुरते भडकतात, हे १९४८ च्या सुमारास ध्यानात आले होते. सूर्यावर ज्वाला उसळली की रेडिओ-लहरींचा लोट येतो. मग या ताऱ्यांकडूनही तो यावा, असा तर्क करून बर्नार्ड लॉव्हेल यांनी इंग्लंडमधील जॉड्रेल बँकच्या २५० फुटी दुर्बिणीने १९५८ पासून त्यांच्यावर पाळत ठेवली. अडचण अशी, की रस्त्याने जाणाऱ्या मोटारीची ठिणगीदेखील ताऱ्याच्या संकेतासारखीच कागदावर उमटते. तेव्हा फ्रेड व्हिपल यांच्या सहकार्याने कॅमेरे त्याच ताऱ्यांवर रोखले गेले, आणि तारा उजळलेला छायाचित्रात दिसला व त्याच वेळी रेडिओ-दुर्बिणीची लेखणीही उसळली, अशी जुळणी साधल्यावरच १९६३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सूर्याखेरीज अन्य सामान्य ताऱ्यांकडून आलेली रेडिओची ही पहिली वार्ता. पुढे १९८७ मध्ये याच यूव्ही सेटीचा व त्याच्या भाऊबंदांचा रेडिओ-अभ्यास अमेरिकेच्या व्हीएलए दुर्बिणीवर ज्यांनी प्रसिद्ध केला, त्यांत १९६१ च्या निवेदनावर सही करणारे मुकुल कुंडू हे प्रमुख होते. मायदेशातील गटात ते थोडाच काळ राहिले, तरी एका निवेदनाने जोडलेली ती माणसे शास्त्राच्या वाटेवर पुन्हा पुन्हा एकमेकांच्या जवळपास भेटत राहतात.

तारा किती लहान असू शकतो, या प्रश्नाचे गणित शिव कुमार या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने १९६३ च्या सुमारास मांडले होते: सूर्याच्या सुमारे सात-आठ शतांशांहून कमी वस्तुमान असेल, तर गाभ्यात हायड्रोजनची भट्टी कायमची पेटत नाही, आणि तो गोळा आयुष्यभर निवत जातो. अशा गोळ्यांना पुढे तपकिरी बटू म्हणू लागले. परंतु तीस वर्षे ते कागदावरच राहिले. १९९५ साली ग्लीझ २२९ या ताऱ्याशेजारी मिथेन वायूची निःसंदिग्ध खूण दाखविणारा तपकिरी बटू ज्या गटाने जाहीर केला, त्यात कृष्णेकाठच्या कुरुंदवाडात जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते, हे कोल्हापूरकडच्या वाचकांना सांगावयास नको. इकडच्यांना सांगावे लागते, म्हणून सांगितले.

आता या लहानग्यांचे चुंबकत्व. सूर्याच्या अंतर्भागात आतला एक शांत थर आणि त्यावरचा उकळत्या खळबळीचा थर असे दोन भाग आहेत, आणि त्यांच्या सीमेवर निरनिराळ्या वेगाने फिरणारे थर एकमेकांना घासून जातात, तेथे चुंबकीय क्षेत्र पोसले जाते, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानीत आले. सूर्याच्या सुमारे पस्तीस शतांशांहून हलक्या ताऱ्यांत ही सीमाच नसते. तो तारा केंद्रापासून पृष्ठापर्यंत एकसारखा उकळत असतो. शिवाय सर्वांत थंड ताऱ्यांचे पृष्ठवायू इतके निवलेले असतात, की ते विजेचे वाहकही धड राहत नाहीत. सबब, अशा गोळ्यांपाशी सांगण्यासारखे चुंबकत्व नसावे, ही अपेक्षा वाजवी होती. चुंबकत्वाने तापणाऱ्या किरीटातून निघणाऱ्या क्ष-किरणांची साक्षही तीच होती. जसजसे अधिक थंड तारे पाहावेत, तसतसे क्ष-किरण मावळत जातात. मॅन्युएल ग्यूडेल आणि अर्नोल्ड बेन्झ यांनी १९९३ साली ताऱ्यांचे क्ष-किरण व रेडिओ यांच्यातील जे ठाम प्रमाण दाखवून दिले होते, त्यानुसार अतिशीत ताऱ्यांकडून रेडिओची आशा करणेच व्यर्थ होते.

ती आशा केली विद्यार्थ्यांनी. अमेरिकेत व्हीएलए दुर्बिणीवर उन्हाळी प्रशिक्षणासाठी जमलेल्या काही विद्यार्थ्यांनी एलपी ९४४-२० या तपकिरी बटूकडे दुर्बीण वळविली, आणि २००१ साली एडो बर्गर व सहकाऱ्यांच्या लेखाने जाहीर झाले, की तेथून रेडिओ-लहरी येतात, आणि त्याही त्या प्रमाणाने वर्तविलेल्या मानाच्या दहा हजार पटींहून अधिक! ज्येष्ठांनी सिद्धान्ताच्या आधारे जो दरवाजा बंद मानला होता, तो अननुभवी हातांनी ढकलून पाहिला, एवढेच. परंतु शास्त्राची प्रगती पुष्कळदा अशा ढकलून पाहण्यातच होते.

२००७ साली ग्रेग हॅलिनन यांच्या गटाने टीव्हीएलएम ५१३ या ताऱ्याकडून दर १.९६ तासांनी, घड्याळाच्या ठोक्यासारख्या, तेजस्वी स्पंदांची मालिका पकडली. ताऱ्याच्या ध्रुवप्रदेशात चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन एकतालात लहरी सोडतात आणि तारा फिरताना तो झोत आपल्यावरून जातो, असा त्याचा उलगडा आहे. गुरू ग्रहाकडून १९५५ साली सापडलेला रेडिओ-गर्जनेचा प्रकार जातीने हाच. या प्रकारातील गणित अतिशय सुबक आहे. एका गॉस चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन सेकंदाला २८ लक्ष गिरक्या घेतो आणि लहरीची कंप्रताही तितकीच असते. तेव्हा कंप्रतेला २.८ मेगाहर्ट्झने भागले, की क्षेत्राची तीव्रता हाती येते. टीव्हीएलएमची स्पंदने ८४०० मेगाहर्ट्झवरही मिळाली. भागाकार तीन हजार गॉस. पृथ्वीच्या पृष्ठभागावरचे क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या थंड, लाल गोळ्याने अंगी काय बाळगले आहे त्याची कल्पना येईल. वर्णपटातील रेषा दुभंगण्यावरून चुंबकत्व मोजण्याची हेलची जुनी पद्धत अशा मंद व गरगर फिरणाऱ्या ताऱ्यांवर फार कष्टाने चालते; रेडिओ मात्र थेट उत्तर देतो.

परंतु बहुतेक निरीक्षणे उच्च कंप्रतेवर होती. कमी कंप्रतेवर, लांब लहरींत, हे तारे काय सांगतात? येथे कथा पुन्हा महाराष्ट्रात येते.

पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ज्या दुर्बिणीचा ध्यास घेतला, ती प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची आहे. चौदा मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरात आणि सोळा तीन भुजांवर, दूरदूरच्या गावांच्या शेतांपर्यंत, एकंदर पंचवीस किलोमीटरांच्या विस्तारात. एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या, तर त्यांचा भार व खर्च पेलवला नसता. स्वरूपांनी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा गंजरोधक पोलादी तारेची जाळी विणवून घेतली. तिची छिद्रे मध्यभागी दहा, मग पंधरा आणि कडेला वीस मिलिमीटरांची. ती जाळी दोरखंडासारख्या ताणलेल्या पोलादी तारांच्या सांगाड्यावर पृष्ठाच्या वळणाप्रमाणे बसविली. वारा जाळीतून निघून जातो. वीस सेंटिमीटरांहून लांब लहरीला मात्र ती छिद्रे जाणवतच नाहीत, तिच्या दृष्टीने तो अभंग आरसाच. मोठ्या राष्ट्रांच्या कोषाशी स्पर्धा करता येत नाही, तेथे विचाराची काटकसर कशी उपयोगी पडते याचा इतका उत्तम नमुना मला दुसरा ठाऊक नाही. कल्याणला तबकड्या जोडणारे विजय कपाही या प्रकल्पाचे व पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे धुरीण झाले. दुर्बीण ४ ऑक्टोबर २००१ रोजी राष्ट्राला अर्पण झाली, तेव्हा ते हयात नव्हते. १९९९ सालीच त्यांचा अंत झाला होता.

२०१९ साली अँड्र्यू झिक, क्रिस्टीन लिंच, तारा मर्फी, डेव्हिड कॅप्लन आणि पुण्याच्या केंद्रातील पूनम चंद्र यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी खोडदच्या दुर्बिणीने नऊ अतिशीत बटूंकडे, म्हणजे सर्वांत थंड लाल बटू व तपकिरी बटू यांच्याकडे, कान लावला होता, दोन कंप्रतांवर: एक सुमारे १३०० मेगाहर्ट्झ आणि दुसरी सुमारे ६१० मेगाहर्ट्झ. कल्याणला सूर्य ज्या ६१ कोटी आंदोलनांत ऐकला गेला, त्याच आंदोलनांत चोपन्न वर्षांनी सर्वांत लहान ताऱ्यांची झडती झाली. आणि झिक त्या वेळी ज्या सिडनीत संशोधन करीत होते, ते तेच सिडनी, जेथून त्या बत्तीस तबकड्या एकेकाळी जहाजात चढल्या होत्या. नऊपैकी सात मूक राहिले. दोघांनी उत्तर दिले, आणि तेव्हापर्यंत या वर्गातील ताऱ्यांकडून इतक्या कमी कंप्रतेवर उत्तर आलेले नव्हते.

त्या दोघांपैकी एकाची जागा आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे. पुनर्वसू नक्षत्रातील जो अधिक तेजस्वी तारा, त्याच्या ठीक दक्षिणेस सुमारे आठ अंशांवर, म्हणजे हात लांब करून मूठ आकाशाला टेकविली तर तिच्या रुंदीहून थोड्या कमी अंतरावर, मिथुन राशीत, सुमारे चाळीस प्रकाशवर्षे दूर ही जोडी आहे. होय, ती जोडी आहे. दोन बुटके एकमेकांभोवती फिरतात, आणि दोघेही तारा व तपकिरी बटू यांच्या सीमेवरचे. दुसरे उत्तरही अशाच एका जोडीकडून, सुमारे पंचावन्न प्रकाशवर्षांवरून आले. हे उत्सर्जन टीव्हीएलएमसारख्या ठोक्यांचे नव्हते. ते संथ, टिकून राहणारे होते. ताऱ्याच्या चुंबकीय वेढ्यांत कोंडलेले, प्रकाशवेगाच्या जवळपास धावणारे इलेक्ट्रॉन असे संथ उत्सर्जन करतात, तेव्हा २.८ चा सरळ भागाकार येथे लागू करता येत नाही, आणि त्या निबंधकारांनी दोन कंप्रतांवरील तीव्रता ताडून चुंबकीय क्षेत्र, वेढ्यांचा विस्तार आणि इलेक्ट्रॉनांची घनता यांना मर्यादा घालून दिल्या. गप्प राहिलेल्या सात ताऱ्यांच्या शांततेचाही त्यांनी हिशेब मांडला. मला त्या निबंधाची ही बाजू विशेष आदरणीय वाटते. न मिळालेल्या उत्तराचाही जमाखर्च प्रामाणिकपणे लिहिणे, हे शास्त्राचे शील आहे.

लांब लहरींचे महत्त्व लगेच पुढच्याच वर्षी पुन्हा प्रत्ययास आले. २०२० साली हरीश वेदांतम यांच्या गटाने नेदरलँड्समधील लोफार दुर्बिणीच्या १४४ मेगाहर्ट्झवरील निरीक्षणांतून एक तपकिरी बटू प्रथमतः रेडिओनेच शोधून काढला. तोवर असे गोळे आधी अवरक्त प्रकाशात सापडत व नंतर रेडिओने तपासले जात. मेलडी काओ यांच्या गटाने २०२३ मध्ये एका अतिशीत बटूभोवती, गुरूभोवती असतो तसा, वेगवान विद्युतभारित कणांचा पट्टा चित्रित केला. मंद ताऱ्यांभोवती ग्रह पुष्कळ आहेत. त्या ग्रहांचे वातावरण टिकेल की ताऱ्याच्या चुंबकीय उद्रेकांत उडून जाईल, या प्रश्नाचे उत्तरही याच लहरींतून यावयाचे आहे.

ज्या संकेतांची ही कथा आहे, त्यांची क्षीणता शब्दांत पकडणे कठीण. त्यांचे मोजमाप जान्स्की नावाच्या एककाच्या हजाराव्या भागांत आणि त्याहून लहान अंशांत करावे लागते, आणि एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरास व दर हर्ट्झमागे वॉटच्या दशांशचिन्हापुढे पंचवीस शून्ये देऊन मग लिहिलेला एक. मोबाइलचा मनोरा, विजेच्या तारेवरील सैल जोडणी, मोटारीची ठिणगी, यांपैकी काहीही त्यावर मात करते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीत ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्झ हा पट्टा भारतामध्ये रेडिओ खगोलशास्त्रालाही प्राथमिक हक्काने दिल्याची खास तळटीप आहे. आणि म्हणूनच पुणे-नाशिक लोहमार्गाची आखणी खोडदजवळून जाऊ लागली, तेव्हा तिच्याबद्दल हरकत उभी राहिली. ही हरकत प्रगतीच्या आड येणारी आहे, असे म्हणणारे लोक भेटतात. त्यांना अलिबागेचा दाखला द्यावा. आणि डहाणूकरांनी तर स्वतःचाच द्यावा. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला, त्याच्या हद्दीबाहेरही पंचवीस किलोमीटरांचा पट्टा उद्योगांच्या निर्बंधाखाली आला, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी प्राधिकरण नेमले गेले. चिकूच्या बागा, खाड्या आणि वारल्यांची राने राखण्यासाठी निर्बंध का सोसावे लागतात, हे ज्या तालुक्याने तीस वर्षांहून अधिक काळ अनुभवले, त्याला खोडदच्या शांततेचे मोल कळावयास वेळ लागू नये.

गोविंद स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात निवर्तले. त्यांच्या कार्याचा गौरव पुष्कळ झाला. परंतु तो बहुधा उदकमंडलम आणि खोडद यांच्या नावाने झाला. ठाणे व पालघर या जिल्ह्यांची गॅझेटियरे जेव्हा नव्याने लिहिली जातील, तेव्हा त्यांत कल्याणच्या १९६५ सालच्या दुर्बिणीला एक परिच्छेद मिळावा, ही माझी त्या संपादकांना विनंती आहे. दुसरी विनंती डहाणू-तलासरीच्या आश्रमशाळांतील शिक्षकांना. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, खोडदची दुर्बीण सर्वसामान्यांना पाहावयास खुली असते आणि राज्यभरातील शाळांची मुले तेथे आपले प्रयोग मांडतात. आपल्या मुलांना तेथे घेऊन जावे, आणि जाण्यापूर्वी त्यांना एवढे अवश्य सांगावे, की या विद्येची महाराष्ट्रातील पहिली शाळा आपल्याच जुन्या जिल्ह्यात भरली होती.